लॉर्ड हॅरिस : जन्म आणि वास्तव्य

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादे चरित्र लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने आम्हांस केली. या प्रसंगी आम्ही एका इंग्रज सरदाराची, त्यातही मुंबई इलाख्याच्या एका लोकप्रिय नसलेल्या गव्हर्नराची निवड करावी, याचे पुष्कळ वाचकांस नवल वाटेल. परंतु माणूस कोठला मानावा, जन्मला तेथला की राहिला तेथला, हा जो प्रश्न महाराष्ट्राबाहेर पन्नास वर्षे नांदलेल्या आपल्या मंडळाला अधूनमधून सतावतो, त्याच प्रश्नाची या गृहस्थाने आयुष्यभर राखण केली. राखणीचे क्षेत्र तेवढे निराळे होते. ते होते इंग्लंडमधील कौंटी क्रिकेटचे.

जॉर्ज रॉबर्ट कॅनिंग हॅरिस, चौथे लॉर्ड हॅरिस, यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८५१ रोजी झाला. तो इंग्लंडमध्ये नव्हे, तर वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर. त्यांचे वडील तेथे गव्हर्नर होते. पुढे १८५४ मध्ये वडिलांची नेमणूक मद्रासच्या गव्हर्नरपदी झाली आणि १८५९ पर्यंत ते तेथे राहिले. हिंदुस्थानशी या घराण्याचा संबंध त्याहूनही जुना. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात टिपू सुलतानाचा पाडाव करणाऱ्या इंग्रज फौजेचे सेनापती जनरल हॅरिस हे आपल्या चरित्रनायकाचे पणजोबा. केंट परगण्यात फॅव्हरशॅम गावाजवळचा बेलमाँट हा वाडा त्या जनरलसाहेबांनी संपादन केला आणि तेच घराण्याचे मूळ ठिकाण झाले. म्हणजे जन्म त्रिनिदादचा, वैभव म्हैसूरचे आणि घर केंटचे, असा हा तिपेडी गोफ होता. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

ईटनच्या शाळेत असताना १८६८ ते १८७० या काळात हॅरिस शाळेच्या संघातून लॉर्ड्सच्या मैदानावर खेळले. पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संघातही त्यांनी स्थान मिळविले. १८७० मध्येच ते केंटकडून प्रथम खेळले. १८७२ मध्ये वडिलांच्या निधनाने वयाच्या एकविसाव्या वर्षी सरदारकी त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस यांच्यासमवेत त्यांनी उत्तर अमेरिकेचा क्रिकेट दौराही केला.

त्या काळचे कौंटी क्रिकेट कसे होते, हे थोडे सांगितले पाहिजे. परगण्यापरगण्यांचे सामने अठराव्या शतकापासून होत आले होते, परंतु त्यांना स्पर्धेचे रूप नव्हते. कोणी किती सामने खेळावेत, कोणाशी खेळावेत, याला धरबंध नव्हता. मोसम संपला की वृत्तपत्रे आपापल्या मताने एखाद्या परगण्याला अजिंक्य ठरवीत आणि पुष्कळदा त्यांचे एकमत होत नसे. जो सर्वांत कमी सामने हरला तो श्रेष्ठ, असा ढोबळ हिशेब असे. खेळाडूंच्या निष्ठेचा तर प्रश्नच नव्हता. जेम्स सदर्टन या नामांकित गोलंदाजाचा जन्म ससेक्समधला आणि राहणे सरेमधले. हा गृहस्थ सरे, ससेक्स आणि हॅम्पशर अशा तिन्ही परगण्यांकडून खेळला. जेथे बोलावणे येईल तेथे जावे, मजुरी घ्यावी आणि घरी यावे, ही व्यावसायिक खेळाडूंची रीत होती, आणि पोटासाठी खेळणाऱ्यांना ती चुकीची वाटण्याचे कारण नव्हते.

१८७३ मध्ये मेरिलबोन क्रिकेट क्लबाच्या पुढाकाराने याला आळा बसला. नऊ प्रमुख परगण्यांनी नियम मान्य केले. एका मोसमात एका खेळाडूने एकाच परगण्याकडून खेळावे. जन्म एका परगण्यात आणि वास्तव्य दुसऱ्यात असेल, तर मोसमाच्या आरंभी त्याने कोणता परगणा आपला ते सांगावे. आणि वास्तव्याच्या आधारे हक्क सांगावयाचा असेल, तर ते वास्तव्य आधीची दोन वर्षे असले पाहिजे. सदर्टनने सरेची निवड केली. या नियमांनीच कौंटी क्रिकेटला पाया मिळाला. कारण संघ कोणाचा हे ठरल्याशिवाय विजय कोणाचा हे ठरत नाही. नियम झाले तेव्हा हॅरिस बावीस वर्षांचे होते. नियम त्यांनी केले असे म्हणता येणार नाही, परंतु त्यांचा पहारेकरी म्हणून इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये ज्या एका माणसाचे नाव घेतले जाते, ते हेच.

१८७५ पासून केंटचे नेतृत्व हॅरिस यांच्याकडे आले आणि ते १८८९ पर्यंत त्यांनी सांभाळले. केंटची स्थिती तेव्हा हलाखीची होती. कारभार विस्कळीत आणि चांगले खेळाडू अनिश्चित. हॅरिस यांनी फलंदाजी, कप्तानी आणि कारभार या तिन्ही आघाड्या अंगावर घेतल्या. पुढे येऊन जोरकस फटके मारणारे ते आक्रमक फलंदाज होते. प्रथम श्रेणीच्या एकूण २२४ सामन्यांत त्यांनी ९,९९० धावा केल्या. दहा हजारांना अवघ्या दहा कमी. त्यांत अकरा शतके आहेत. आजच्या मानाने हे आकडे बेताचे वाटतील, परंतु त्या वेळच्या ओबडधोबड खेळपट्ट्यांवर शतक हा अपूर्व योग असे. १८८४ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर आलेल्या ऑस्ट्रेलियन संघाला हरविणारा केंट हा एकमेव परगणा ठरला, यावरून या पंधरा वर्षांच्या मेहनतीची कल्पना यावी.

इंग्लंडचे कप्तान म्हणूनही हॅरिस यांचे नाव पहिल्या काहींत येते. १८७८-७९ मध्ये ते संघ घेऊन ऑस्ट्रेलियास गेले. तेथील मेलबर्नचा कसोटी सामना इंग्लंडने दहा गडी राखून गमावला आणि त्याच सामन्यात स्पॉफर्थने कसोटी क्रिकेटमधील पहिली हॅटट्रिक केली. परंतु तो दौरा लोकांच्या लक्षात राहिला तो सिडनीच्या दंगलीमुळे. ८ फेब्रुवारी १८७९ रोजी न्यू साउथ वेल्सविरुद्धच्या सामन्यात मर्डोक हा लोकप्रिय फलंदाज धावचीत दिला गेला आणि प्रेक्षकांचा मोठा जमाव मैदानात घुसला. आपल्या पंचाच्या रक्षणासाठी पुढे झालेल्या हॅरिस यांनाही मार बसला. तरीही ते मैदान सोडून गेले नाहीत, कारण सोडले असते तर सामना गमावल्यासारखे झाले असते. या प्रकाराने दोन्ही देशांचे क्रिकेटसंबंध इतके दुरावले की १८८० मध्ये ऑस्ट्रेलियन संघ इंग्लंडला आला तेव्हा त्याला चांगले सामने मिळेनात. अखेर सरेचे चिटणीस अल्कॉक यांच्या खटपटीने सप्टेंबरमध्ये ओव्हलवर सामना ठरला. इंग्लंडचे नेतृत्व करण्यास हॅरिस यांनी रुकार दिला, ही त्यांच्या मनाच्या मोठेपणाची खूणच होय. इंग्लंडच्या भूमीवरील हा पहिला कसोटी सामना. त्यात ग्रेस यांनी १५२ धावा केल्या आणि इंग्लंडने पाच गडी राखून विजय मिळविला. १८८४ मध्ये लॉर्ड्सवर झालेल्या पहिल्या कसोटी सामन्यातही इंग्लंडचे कप्तान तेच होते.

नियम म्हणजे नियम, मग त्यात आप्त असो की परका, ही हॅरिस यांची वृत्ती १८८५ च्या प्रकरणात उघड झाली. काही गोलंदाज चेंडू टाकण्याऐवजी चक्क फेकतात आणि पंच डोळेझाक करतात, अशी तक्रार त्या वेळी जोरात होती. लँकेशरचे क्रॉसलंड व नॅश हे त्यांतले प्रमुख. नॉटिंगहॅमशर आणि मिडलसेक्स यांनी लँकेशरशी खेळणे आधीच टाळले होते. हॅरिस मात्र मँचेस्टरला जाऊन खेळले, स्वतः तो मारा त्यांनी सोसला आणि मगच केंटने परतीचा सामना रद्द केला. हरणाऱ्याचा कांगावा असे कोणी म्हणू नये, ही दक्षता त्यात होती. त्याच वर्षी क्रॉसलंडचा निकाल लागला, पण तो फेकीवरून नव्हे. तो हिवाळ्यात आपल्या जन्माच्या परगण्यात, नॉटिंगहॅमशरमध्ये, जाऊन राहत असल्यामुळे लँकेशरमधील त्याचे वास्तव्य खंडित झाले, असे ठरले. वास्तव्याच्या नियमाची धार किती तीक्ष्ण होती, ते यावरून दिसेल.

डिसेंबर १८८९ मध्ये परगण्यांच्या चिटणीसांनी लॉर्ड्सवर एकत्र बसून गुण मोजण्याची पद्धत ठरविली. अनिर्णित सामने सोडून द्यावेत आणि विजयांतून पराभव वजा करावेत, अशी ती सोपी रीत होती. १८९० मध्ये आठ परगण्यांची पहिली अधिकृत कौंटी स्पर्धा झाली. सरेने ती जिंकली. पुढच्या वर्षी सॉमरसेट आले, १८९५ मध्ये आणखी पाच परगणे आले. वूस्टरशर, नॉर्दॅम्पटनशर व ग्लॅमॉर्गन क्रमाने १८९९, १९०५ व १९२१ मध्ये दाखल झाले आणि १९९२ मध्ये डरॅम येऊन संख्या अठरा झाली. पण योग असा, की ज्या स्पर्धेसाठी हॅरिस यांनी पंधरा वर्षे जमीन नांगरली, तिचे पहिले पीक उभे राहिले तेव्हा ते इंग्लंडमध्ये नव्हते. एप्रिल १८९० मध्ये ते मुंबईचे गव्हर्नर म्हणून रुजू झाले होते.

मुंबईतील त्यांच्या पाच वर्षांबद्दल मराठी वाचकाने भाबडेपणाने लिहू नये. सरकारी कामापेक्षा मैदानाकडे त्यांचे लक्ष अधिक, अशी टीका त्यांच्यावर त्या वेळीही झाली. पावसाळ्यात सरकारी मुक्काम पुण्याला असे. गणेशखिंडीतील राजभवनाच्या आवारात क्रिकेट रंगे. ज्या इमारतीत पुढे पुणे विद्यापीठ नांदले, तीच ही वास्तू. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची भीषण दंगल उसळली, लष्कर बोलवावे लागले, आणि आठवडा लोटला तरी गव्हर्नरसाहेब पुण्याहून हलले नाहीत, हा त्यांच्यावरील सर्वांत गंभीर आक्षेप आहे. सिडनीच्या मैदानावर मार खाऊनही जागा न सोडणारा माणूस स्वतःच्या राजधानीत वेळेवर हजर होऊ नये, ही विसंगती आम्हांस कोणत्याही स्तुतीने झाकता आलेली नाही. ज्याच्या हाती प्रशासन असते त्याने संकटाच्या वेळी जागेवर असणे, हा नोकरीचा पहिला धडा होय.

क्रिकेटला त्यांनी उत्तेजन दिले, हेही खरे. युरोपियन विरुद्ध पारशी हा वार्षिक सामना त्यांच्याच कारकिर्दीत, १८९२ मध्ये, सुस्थिर झाला. लॉर्ड हॉक यांचा संघ १८९२-९३ मध्ये आला. केनेडी सी-फेसवर, म्हणजे समुद्राला लागून, पारशांच्या जिमखान्याशेजारी मुसलमानांच्या व हिंदूंच्या जिमखान्यांना जागा मिळाल्या त्या याच सुमारास. परंतु येथे विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. केंटमध्ये माणूस कोणत्या संघाचा हे त्याच्या जन्मगावावरून किंवा राहत्या घरावरून ठरे. मुंबईत तेच त्याच्या धर्मावरून ठरू लागले. पुढे १९०७ मध्ये तिरंगी, १९१२ मध्ये चौरंगी आणि १९३७ मध्ये पंचरंगी सामने याच पायावर उभे राहिले आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, ते बंद पडले. हा सर्व दोष एका हॅरिस यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि घरी त्यांना जो नियम प्राणाहून प्रिय होता, तो येथे लावून पाहावा असे त्यांच्या मनात आले नाही, हे नमूद केलेच पाहिजे. त्याच सुमारास पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात पाळवणकर बाळू नावाचा दलित मुलगा खेळपट्टी राखण्याचे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करण्याचे काम करीत होता. त्याला तर हिंदूंच्या संघातही सुखासुखी प्रवेश नव्हता. मैदानावर चेंडू हाती द्यावा आणि चहा मात्र वेगळ्या भांड्यातून, असा त्या काळचा व्यवहार होता.

१८९५ मध्ये परत गेल्यावर हॅरिस मेरिलबोन क्लबाचे अध्यक्ष झाले, आणि पुढे १९१६ पासून अखेरपर्यंत खजिनदार. बोअर युद्धात त्यांनी लष्करी काम केले, एका मोठ्या खाण कंपनीचे अध्यक्षपद कित्येक वर्षे सांभाळले, पण मन लॉर्ड्सवर आणि केंटमध्ये. १८९६ मध्ये लॉर्ड्सच्या कसोटी सामन्यासाठी रणजितसिंहांची निवड झाली नाही, यामागे हॅरिस यांचा विरोध होता असे पुष्कळ लेखकांनी म्हटले आहे. तसा लेखी पुरावा पुढे आलेला नाही. रणजी ससेक्सकडून वास्तव्याच्या नियमाने रीतसर खेळत होते. मँचेस्टरच्या पुढच्या कसोटीत त्यांनी ६२ आणि नाबाद १५४ धावा काढल्या आणि वादाला बॅटनेच उत्तर दिले. विरोध खरोखर झाला असेल, तर तो करणारा स्वतः त्रिनिदादचा जन्मलेला होता, एवढेच येथे म्हणतो.

केंटमध्ये त्यांच्या पिढीने लावलेल्या झाडाला फळ आले ते विसाव्या शतकात. १८९७ मध्ये टनब्रिज येथे तरुण खेळाडूंसाठी शिक्षणाची व्यवस्था झाली. ब्लाइथ आणि वुली हे तेथूनच तयार झाले. परगण्यातीलच मुले घडवून परगण्याचा संघ उभारावयाचा, ही वास्तव्याच्या नियमाची उजळ बाजू होती. १९०६ मध्ये केंटने पहिल्यांदा कौंटी स्पर्धा जिंकली आणि नंतर १९०९, १९१० व १९१३ मध्येही.

१९११ मध्ये एक हृद्य योग आला. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्याने चौदा प्रथम श्रेणी सामन्यांपैकी दहा गमावले, लेस्टरशर आणि सॉमरसेट यांच्यावर मात्र विजय मिळविला. कॅटफर्ड येथे केंटशी त्याची गाठ पडली, तेव्हा साठ वर्षांचे लॉर्ड हॅरिस केंटतर्फे मैदानात उतरले. तोच त्यांचा अखेरचा प्रथम श्रेणी सामना. आणि त्या दौऱ्यावर भारतीय संघाचा सर्वश्रेष्ठ गोलंदाज कोण ठरला? पुण्याच्या क्लबात खेळपट्टी राखणारा बाळू. प्रथम श्रेणी सामन्यांत ७५ आणि सर्व मिळून ११४ बळी त्याने घेतले. धाकटा भाऊ शिवराम हाही संघात होताच. ज्या प्रदेशाचे हॅरिस यांनी पाच वर्षे राज्य पाहिले, त्यातले अस्सल क्रिकेट त्यांच्या दारी असे चालत आले.

वृद्धपणीही नियमाची राखण सुटली नाही. १९२२ मध्ये ग्लॉस्टरशरकडून वॉली हॅमंड नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा खेळत होता. हा शिपायाचा मुलगा. वडिलांच्या नोकरीमुळे जन्म केंटमधील डोव्हरचा, बालपण चीन आणि माल्टा येथे गेलेले, आणि शाळा ग्लॉस्टरशरमधील. वडील १९१८ मध्ये युद्धात पडले. केंटतर्फे हरकत निघाली, तीमागे हॅरिस होते, आणि वास्तव्याची अट पुरी न झाल्यामुळे हॅमंडला त्या मोसमातील उरलेले सामने घरी बसून काढावे लागले. केंटकडून खेळण्याचा त्याचा विचार नव्हता आणि ग्लॉस्टरशरकडून खेळण्यास परवानगी नव्हती. हाच मुलगा पुढे इंग्लंडचा कप्तान झाला आणि त्याने १६७ प्रथम श्रेणी शतके केली.

हॅमंडची ही हकीकत वाचली तेव्हा आम्ही थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. केंद्र सरकारच्या नोकरीत दर तीन-चार वर्षांनी बदली व्हावयाची. आमच्या चिरंजिवांचा जन्म एका राज्यात, शिक्षण दुसऱ्या तीन राज्यांत. महाविद्यालयातील प्रवेशाची वेळ आली तेव्हा अधिवासाचा दाखला हवा झाला. राहत्या राज्यात वर्षे भरत नव्हती, आणि महाराष्ट्रात गेलो तर तेथे शाळा झालेली नव्हती. खिडकीवरचा कारकून उद्धट मुळीच नव्हता. नियम त्याने केलेला नव्हता आणि नियमाचा हेतूही वाईट नव्हता. स्थानिक मुलांच्या जागा बाहेरच्यांनी बळकावू नयेत, हे न्याय्यच. परंतु दोन न्याय्य नियमांच्या फटीत एखादा मुलगा अडकून राहू शकतो, ही गोष्ट नियमाच्या कागदावर दिसत नाही. ती खिडकीसमोर उभे राहिल्यावरच दिसते. हॅरिस त्या खिडकीसमोर कधीच उभे राहिले नाहीत. सरदाराचे घर सरदाराचेच असते, मग त्याचा जन्म कोठेही होवो.

तरी एवढ्यावरून त्यांचा निकाल लावणे आम्हांस रुचत नाही. १९२६ मध्ये साम्राज्याच्या क्रिकेट परिषदेत हिंदुस्थान, वेस्ट इंडीज आणि न्यूझीलंड यांना स्थान मिळाले, तेव्हा लॉर्ड्सवर हॅरिस यांच्या शब्दाला सर्वाधिक वजन होते. जन्मभूमी आणि जुनी कर्मभूमी या दोहोंना एकदमच दार उघडले, असे म्हणावयास हरकत नाही. २४ मार्च १९३२ रोजी बेलमाँट येथे त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर तीन महिन्यांनी, २५ जून रोजी, लॉर्ड्सवर भारताने आपला पहिला कसोटी सामना सुरू केला. कप्तान होते सी. के. नायडू, तेलुगू घराण्यातले, नागपूरचे जन्मलेले आणि इंदूरच्या होळकरांच्या आश्रयास राहिलेले. लॉर्ड्सच्या आवारातील एका बागेला हॅरिस यांचे नाव आहे.

मुंबईतही त्यांचे नाव राहिले, पण पुतळ्याने नव्हे. शाळांच्या ज्या स्पर्धेत फेब्रुवारी १९८८ मध्ये शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली, ती हॅरिस शील्ड. इंग्लंडमध्ये १९६८ पासून परदेशी खेळाडूंना वास्तव्याची वाट न पाहता कौंट्यांचे दार मोकळे झाले, तरी यॉर्कशरने आपल्या परगण्यात जन्मलेल्यांनीच खेळावे हा दंडक काही थोडे अपवाद वगळता पुढेही चालविला. गंमत अशी की त्या परगण्याचे सर्वांत नामवंत कप्तान लॉर्ड हॉक स्वतः लिंकनशरचे जन्मलेले होते. अखेर १९९२ मध्ये यॉर्कशरने तो दंडक सोडला आणि त्यांच्याकडून खेळलेला पहिला परदेशी खेळाडू होता एकोणीस वर्षांचा तेंडुलकर. हॅरिस शील्डमध्ये खेळून मोठ्या झालेल्या मराठी मुलाने त्या मोसमात परक्या परगण्यासाठी हजारावर धावा केल्या, आणि तो आमचाच आहे असे यॉर्कशरच्या लोकांनी मानले.

हॅरिस यांच्या आयुष्यातून आम्ही आमच्यापुरता काढलेला निष्कर्ष साधा आहे. नियम असावेत, त्यांशिवाय संघ उभा राहत नाही. पण माणसाला एखाद्या ठिकाणचे करते ती जन्मनोंद नव्हे आणि दोन वर्षांची भाडेपावतीही नव्हे, तर त्या ठिकाणासाठी त्याने घातलेले कष्ट. त्रिनिदादला जन्मलेले हॅरिस केंटचे झाले ते केंटसाठी राबल्यामुळे, आणि पाच वर्षे राहूनही मुंबईचे झाले नाहीत ते याच कारणाने. ज्या गावात आपण पन्नास वर्षे गणपती बसविला, वाचनालय चालविले आणि शेजाऱ्यांच्या सुखदुःखाला धावून गेलो, त्या गावाचे आपण आहोत की नाही, हे विचारण्यास आता कोणत्याही खिडकीवर जाण्याची आपणांस गरज नाही.